इतिहासाचा साधनसंच वर्गात: दोन सत्रांच्या वापरानंतरचा अनुभव

आठवी-नववीचे चार वर्ग, प्रत्येकात साठच्या आसपास मुले, ३५ मिनिटांची तासिका आणि मुंबईचा पावसाळा. जून ते फेब्रुवारी अशा परिस्थितीत वापरलेल्या संचाबद्दल हे लिहिले आहे. संचात चार वस्तू आहेत: २४ साधनपत्ते, भिंतीवरची कालरेषा, प्लिकर्सचे पत्ते (मुलांनी उत्तरासाठी वर धरायचे आणि शिक्षकाच्या फोनने वाचायचे नक्षीचे पत्ते) आणि उत्तरे तपासायचा गुणतक्ता. यांत सगळ्यात देखणी कालरेषा. उपयोगाच्या हिशेबाने मात्र गुणतक्त्याचा नंबर पहिला. तो नसेल तर साधनपत्ते म्हणजे नुसती रंगीत चित्रे.

साधनपत्ता ए-५ आकाराचा, त्यावर एक उतारा, छायाचित्र किंवा नकाशा. उतारा ६० ते ८० शब्दांचाच ठेवा. दीडशे शब्द दिले की वाचनातच दहा मिनिटे जातात. तिघांच्या बाकाला एक पत्ता पुरतो. पहिल्या छपाईत उताऱ्याच्या डोक्यावरच ‘कोणी लिहिले, केव्हा, कोणासाठी’ दिले होते आणि तिथेच घोटाळा झाला. मुले तेवढी ओळ वाचून उत्तर लिहितात, उताऱ्याकडे बघतही नाहीत. आता ही माहिती मागच्या बाजूला आहे. पाच मिनिटे उतारा, मग लिहिणारा कोण असावा याचा अंदाज, मग पत्ता उलटायचा. अंदाज चुकलेल्या बाकांवरच सगळ्यात चांगली बोलाचाली होते.

सर्वांत चालला तो नौदलाच्या १९४६ च्या उठावाचा गट. १८ फेब्रुवारीला मुंबईत ‘तलवार’वर सुरुवात झाली. (ती बोट नव्हती, किनाऱ्यावरची संदेशवहनाची प्रशिक्षण संस्था होती, हे आधी सांगितले नाही तर मुले समुद्रात लढाई रंगवतात.) दुसऱ्याच दिवशी खलाशांनी मध्यवर्ती समिती नेमली आणि तिच्या नावातच ‘संप’ हा शब्द घातला. सरकारच्या लेखी तेच ‘बंड’. आपल्याकडे रुळलेला शब्द ‘उठाव’. तीन पत्ते, तीन शब्द आणि प्रश्न एकच: हा शब्द निवडणाऱ्याला काय साधायचे होते? खलाशांच्या मागण्यांत बरे जेवण, पगार आणि आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका शेजारी शेजारी आहेत. त्यामुळे ‘जेवणासाठी केले’ आणि ‘स्वातंत्र्यासाठी केले’ ही दोन्ही उत्तरे अर्धवट ठरतात, आणि ती का अर्धवट हे मुलांना पत्त्यावर बोट ठेवून दाखवता येते.

याउलट १८५३ च्या रेल्वेचा पत्ता फसला. १६ एप्रिल, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित. माहिती पक्की, पण तिच्यात वाद नाही. ‘निमंत्रणे कोणाला गेली असतील?’ एवढ्या एका प्रश्नावर तो तगून आहे.

जुन्या मराठी मजकुराची अडचण निराळी. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘तेथें’ दिसले की मुले छपाईची चूक समजून पेन्सिलने अनुस्वार खोडतात. लेखनाचे नवे नियम १९६२ चे. त्याआधीचा मजकूर असेल तर तळाशी ‘जुने लेखन’ एवढेच छापा, पण अनुस्वार काढू नका. मजकूर कोणत्या काळातला हे ओळखायची ती आयती खूण आहे. इंग्रजी कागदाचे भाषांतर करतानाही जपायला हवे. एकाच शब्दासाठी एका पत्त्यावर ‘दंगल’ आणि दुसऱ्यावर ‘गडबड’ पडले, तर मुले मूळ लेखकाची नव्हे, भाषांतरकाराची बाजू शोधत बसतात.

छपाई: नुसता जाड कागद जुलैत वाकतो. १२५ मायक्रॉनचे लॅमिनेशन करा आणि कापताना कागदाच्या कडेबाहेर ३ मिलिमीटर प्लास्टिक सोडा. कागदाला लागून कापले की कडेतून ओल शिरते आणि थर सुटतात. छायाचित्राची झेरॉक्सवरून झेरॉक्स काढू नका, चेहरे काळे पडतात. दरवेळी मूळ फाइलवरूनच प्रिंट घ्या.

कालरेषेचा हिशेब आधी करून घ्या. १८१८ ते १९६० म्हणजे १४२ वर्षे. वर्षाला ४ सेंटिमीटर धरले तर ५ मीटर ६८ सेंटिमीटर. सहा मीटरच्या भिंतीवर बसते. पण १९४२ ते १९४७ ला मिळतात जेमतेम २० सेंटिमीटर, आणि १० सेंटिमीटर रुंदीचे पत्ते तिथे दोनच मावतात. बाकीचे एकमेकांवर चढतात, आणि जिथे सगळ्यात जास्त विचारायचे तिथेच काही दिसत नाही. उपाय म्हणजे त्या पाच वर्षांची वेगळी दोरी: महिन्याला ८ सेंटिमीटर, ऑगस्ट १९४२ ते ऑगस्ट १९४७ धरून ४ मीटर ८८. दोरीला दर दीड मीटरवर आधार द्या, नाहीतर पत्त्यांच्या वजनाने ती मध्ये झोल खाते. भिंतीला खिळे चालत नसतील तर खिडक्यांच्या गजांना बांधा. कपड्यांचे चिमटे उत्तम, चिकटपट्टी पावसाळ्यात दोन दिवस टिकत नाही.

प्लिकर्समध्ये फोन फक्त शिक्षकाचा लागतो. मुलाने पत्ता फिरवून ज्या बाजूचे अक्षर वर धरले ते त्याचे उत्तर. नेहमीचा संच ४० पत्त्यांचा असतो. साठच्या वर्गाला ६३ चा छापावा लागतो. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचा उजेड पडला की फोनला नक्षी दिसत नाही, म्हणून हे पत्ते साध्याच जाड कागदावर ठेवा. बोट नक्षीवर आले तरी तेच होते. चुकीचे पर्याय विचारपूर्वक घाला: संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नात २१ नोव्हेंबर १९५५ चा फ्लोरा फाउंटनचा गोळीबार आणि १ मे १९६० ची राज्यस्थापना एकाच घटनेत मिसळणारा पर्याय ठेवला, की गोंधळ किती जणांचा आहे ते लगेच कळते.

गुणतक्ता ‘सकारण स्पष्ट करा’च्या तीन गुणांसाठी आहे: कारणाला एक, पत्त्यातल्या नेमक्या शब्दाला, आकड्याला किंवा चित्रातल्या वस्तूला एक, साधनाबद्दलच्या शेऱ्याला एक. तिसऱ्या गुणाने पहिल्या सत्रात फसवले. ‘हे साधन एकतर्फी आहे’ लिहिले की गुण मिळतो हे मुलांनी दोन चाचण्यांत ताडले आणि खलाशांच्या मागणीपत्रापासून नकाशापर्यंत सगळे एकतर्फी होऊन बसले. आता अट बदलली आहे: एकतर्फी असूनही ते कशासाठी उपयोगी, हे लिहिले तरच गुण. सरकारी पत्रकावरून खलाशांचे मन कळणार नाही, पण सरकारला धास्ती कशाची होती ते कळते. असे एक वाक्य आले की पुरे.

तपासणीआधी त्याच दहा उत्तरपत्रिका दोन शिक्षकांनी वेगवेगळ्या तपासाव्यात, गुण पेपरवर न लिहिता वेगळ्या कागदावर. फरक जवळजवळ नेहमी दुसऱ्या गुणात निघतो: एकाला ‘पत्त्यात सांगितले आहे’ एवढे चालते, दुसऱ्याला अवतरण हवे असते. अर्ध्या तासात ते मिटते. उरलेल्या गठ्ठ्याला मग चर्चा लागत नाही.

पत्ते ठेवताना रबरबँड लावू नका, तो लॅमिनेशनला चिकटून काळा डाग पाडतो. झिपची पिशवी, वर गटाचे नाव आणि आतल्या पत्त्यांची संख्या. तास संपण्याआधी दोन मिनिटे मोजणीसाठी राखा. छायाचित्रांचे पत्तेच आधी गायब होतात.