पायलोनिडल सायनसचं लेझर: एका टेम्पोवाल्याचं मत

चाकण-भिवंडी टेम्पो चालवतो, म्हणजे दिवसभर बूड सीटवर. माकडहाडाजवळच्या खाचेत गाठ आली, म्हणजे पायलोनिडल सायनस: कातडीखाली केस अडकून झालेली पोकळी. तिच्यात पू भरला, तो आधी चीर देऊन काढला. पू असताना लगेच लेझर करत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातल्या जीपवाल्यांनाही हेच व्हायचं, असं सर्जन म्हणाले. बरं वाटलं, आपण एकटे नाही!

पाठीत सुई देऊन भूल दिली, पालथं झोपवलं. बारीक भोकातून आतले केस नि घाण खरवडून काढली. नर्सने झुपका दाखवला, किळस आली. मग लेझरचा फायबर आत घालून हळूहळू बाहेर ओढत पोकळी आतून जाळली. टाके नाहीत. मामेभावाचं जुन्या पद्धतीचं उघडं ऑपरेशन झालं होतं. जखम तळापासून भरेपर्यंत रोज ड्रेसिंग आणि रोज बोंब. मी दुसऱ्या दिवशी जिना चढलो, दुखणं गोळीवर भागलं. पाणी मात्र बरेच दिवस झिरपत राहिलं. बायकोचे सॅनिटरी पॅड लावून हिंडलो, हसा खुशाल.

बिलावर मात्र नाराज. फायबरचे पैसे वेगळे, हे आधी कुणी बोललं नाही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘परत होणारच नाही.’ सर्जननी मात्र स्पष्ट सांगितलं, होऊ शकतं, तिथले केस काढत राहा. म्हणून सर्जनना पाच स्टार, काउंटरला दोन.