315 बोअरची जुनी इशापूर रायफल: अकरा महिन्यांनंतर

एनसीसीच्या कॅम्पात 1986 साली थ्री-नॉट-थ्रीच्या पाच गोळ्या झाडल्या होत्या. खांदा दोन दिवस दुखला आणि ती रायफल मनात बसली ती कायमची. लष्करातून निघालेली तीच रायफल, म्हणजे ब्रिटिश बनावटीची ली-एनफील्ड, रास्त भावात घ्यावी ही जुनी इच्छा. पण आपल्याकडे 303 हा प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे, साध्या परवान्यावर ती मिळत नाही. तिच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू म्हणजे इशापूरच्या रायफल फॅक्टरीची 315 स्पोर्टिंग. ॲक्शन, म्हणजे गोळी भरण्या-झाडण्याची यंत्रणा, ली-एनफील्डचीच, नळी वेगळी आणि मॅगझीन दहाऐवजी पाच गोळ्यांचं. लष्कराचं काडतूस नागरिकांच्या हाती पडू नये हे ब्रिटिशांचं धोरण होतं. म्हणून ऑस्ट्रियाच्या जुन्या 8 मिमी मॅनलिखर काडतुसाचं हे भावंड इथे रुजलं आणि पुढे आपल्या खडकीच्या कारखान्यात बनू लागलं.

परवान्याची कहाणी लांबवत नाही. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या पोलीस आयुक्तालयात खेपा, चौकशी, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, आणि वाट पाहणं.

परवाना हाती आल्यावर फोर्टातल्या एका जुन्या दुकानात गेलो. नवीन रायफल होती, पण मी जुनीच बघत होतो. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे बऱ्याच घरांतून तिसरी रायफल बाहेर पडली, असं दुकानदाराने सांगितलं. समोर तीन ठेवल्या. सगळ्यांत चकचकीत होती तिचे 85,000 सांगितले. लाकडावर नवं पॉलिश, काळा रंग ताजा. माझा जीव तिच्यावरच जडला होता.

बरोबर आमच्या बिल्डिंगमधले हवालदारकाका होते, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "अरे, भावाचं नंतर बोल. आधी बोल्ट काढायला सांग." बोल्ट म्हणजे गोळी आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा. तो काढला. चेंबरपाशी, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या मागच्या टोकाला, पांढऱ्या कागदाचा कपटा तिरका धरला आणि तोंडाकडून नळीत पाहिलं. आत खड्डे. आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचा, तोंडाशी घासून बोथट झालेले. वरून नवरी, आतून म्हातारी! तिसरी रायफल दिसायला सर्वांत गरीब: दस्त्यावर चरे, बोल्टच्या मुठीवरचा रंग उडून पांढरं लोखंड दिसतंय. पण नळी आरशासारखी, आटे कडक, बोल्टवरचा आणि ॲक्शनवरचा नंबर एकच. काकांनी दस्ता पिळून पाहिला, जरासुद्धा हलला नाही. या रायफलीचं लाकूड दोन तुकड्यांत असतं, दस्ता एका लांब स्क्रूने मागून आवळलेला असतो. तो ढिला असेल तर नेम कधीच एका जागी बसत नाही.

दुकानातल्या मिस्त्रींनी गेज लावून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा, तपासून दिली. हे मी आग्रहाने सांगतो: ली-एनफील्डच्या बोल्टची कुलुपं मागच्या बाजूला असतात, वापराने त्या जागा झिजतात, आणि ही झीज नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असेल तर धोका आणखी वाढतो. तपासायला नकार देणाऱ्याकडून अर्ध्या भावातसुद्धा घेऊ नका.

72,000 सांगितले होते, 61,000 ला दिली. ही फेब्रुवारी 2024 ची गोष्ट. भाव योग्य होता का, हे त्या दिवशी नव्हे, नंतर कळलं.

हातात घेतल्यावर पहिली ओळख बोल्टची. तो फक्त साठ अंश वर उचलावा लागतो आणि स्प्रिंग बंद करताना ताणली जाते, उघडताना नाही. म्हणून नेमावरून डोळा न हलवता पुढची गोळी भरता येते. कॅम्पातली तीच खटक-खटक ऐकू आली आणि खरंच डोळे भरून आले. धक्का जोरदार आहे. पातळ शर्टावर दहा गोळ्या पुरे, पुढे मी खांद्याला टॉवेलची घडी लावतो. चाप दोन टप्प्यांत सुटतो; दुसरा टप्पा कळू लागला की हात शांत होतो.

आता मुंबईचं खरं दुखणं. लोकसभेची आचारसंहिता मार्चमध्ये लागली, रायफल जमा केली आणि जूनमध्ये परत मिळाली. मधले सगळे दमट दिवस ती कापडी पिशवीतच होती. बोल्टच्या पाठीवर आणि मॅगझीनच्या कडेला तांबूस बुरशीसारखा गंज. नळी वाचली, कारण जमा करण्याआधी काकांच्या सांगण्यावरून तीत घट्ट तेल फिरवलं होतं. ऑक्टोबरमध्ये विधानसभेसाठी पुन्हा जमा करताना सगळ्या लोखंडावर जाड ग्रीस चोपडलं. नोव्हेंबरअखेर घरी आली तेव्हा एक डागही नव्हता.

घर प्रभादेवीला, समुद्र दोन गल्ल्यांवर. पिशवीत किंवा फोममध्ये रायफल ठेवायची नाही, ओल तिथेच कोंडते. कुलूपबंद लोखंडी कपाटात उभी ठेवतो, सिलिका जेलच्या पुड्या तव्यावर तापवून पुन्हा वापरतो. लाकडाला महिन्यातून एकदा जवसाचं तेल. फायरिंग झाल्यावर त्याच संध्याकाळी नळीतून उकळतं पाणी सोडतो, मग पुल-थ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) कोरडी चिंधी, मग तेलाची चिंधी. काडतुसं जुन्या धाटणीची असतील तर प्राइमरचे, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या दारूचे, क्षार नळीत राहतात. ते तेलात विरघळत नाहीत, पाण्यातच विरघळतात. तेलाखाली क्षार दडून राहिले की चार दिवसांत काम तमाम.

तक्रार एकच, आणि ती लाकडाची. पावसाळ्यानंतर सप्टेंबरच्या पहिल्या फायरिंगला 100 मीटरवर सगळ्या गोळ्या चार इंच उजवीकडे. साइट हलवण्याचा मोह झाला, पण काकांनी थांबवलं. फुगलेलं लाकूड नळीला एका बाजूने दाबत होतं. मिस्त्रींनी ती जागा हलकीच घासून दिली आणि गोळ्या पुन्हा मध्यावर आल्या.

काडतुसं महाग आहेत, हव्या तेव्हा मिळत नाहीत आणि परवान्यावरच्या संख्येपलीकडे घेताही येत नाहीत. त्यामुळे एका खेपेला पंधरा गोळ्या, त्याहून जास्त नाही. दुकानातली ती चकचकीत रायफल त्याच आठवड्यात विकली गेली. गेल्या रविवारी माझ्या पाच गोळ्या 100 मीटरवर तळहाताएवढ्या जागेत बसल्या. तो कागद काकांनी मागून घेतला, त्यांच्या दिवाणखान्यात लावलाय.