सांगलीत उंच टॉवर की चार मजली इमारती?

सांगलीत हा विषय निघाला की दोन तट पडतात. टॉवरवाल्यांचा मुद्दा वजनदार आहे: २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५. मग वर राहिलेलंच बरं. पण पुरात मीटर, पंप, लिफ्टची मोटर आधी बुडते. दहाव्या मजल्यावरच्या आजींना पाणी कोण चढवणार? चार मजल्यांत शेजारची पोरं घागर तरी पोचवतात.

दिसण्याचं म्हणाल, तर १९७३ चा मोंपार्नास टॉवर पॅरिसकरांना इतका खुपला, की १९७७ मध्ये शहराच्या मध्यभागी उंचीवर बंधनं आली. गणपती मंदिराच्या शिखरामागे काचेची भिंत मलाही नको. पूररेषेबाहेर, मिरज रस्त्याला, मीटर-पंप वरच्या मजल्यावर घेऊन खुशाल बांधा.