जे-वन व्हिसावर हॉटेलच्या किचनमध्ये पगारी इंटर्नशिप: बरेच महिने काढल्यावर

जे-वन म्हणजे अमेरिकेत प्रशिक्षणासाठी जाणाऱ्यांचा व्हिसा. त्यावरच्या पगारी इंटर्नशिपच्या जाहिरातीत तासाचा दर सगळ्यात ठळक छापलेला असतो. ज्युनिअर मंडळी मला मेसेज करतात तेव्हाही पहिला प्रश्न तोच. माझं उत्तर ठरलेलं: दर नंतर बघा, आधी डीएस-७००२ वाचा.

हा फॉर्म म्हणजे तुमच्या प्रशिक्षणाचा आराखडा. कुठल्या विभागात किती काळ, काय शिकायचं, कोणाच्या हाताखाली, हे सगळं त्यात असतं आणि खाली तुमची, हॉटेलची आणि स्पॉन्सरची सही असते. हॉस्पिटॅलिटीत इंटर्नशिप ६ महिने किंवा त्याहून जास्त असेल, तर किमान ३ विभागांत किंवा कामांत फिरवणं नियमानेच बंधनकारक आहे. आठवड्याला कमीत कमी ३२ तास मिळायला हवेत, आणि कारकुनी काम २० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. व्हिसाच्या घाईत बहुतेक जण हा फॉर्म न वाचताच सही ठोकतात. वर्गातल्या एकाच्या फॉर्मवर तिन्ही टप्प्यांचा मजकूर शब्दन्‌शब्द सारखा होता, फक्त तारखा बदललेल्या. असा कागद आला तर परत पाठवा.

एजंट आणि स्पॉन्सर यांत गल्लत करू नका. एजंट हॉटेल शोधून देतो. स्पॉन्सर म्हणजे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची मान्यता असलेली संस्था. व्हिसासाठी लागणारा डीएस-२०१९ फॉर्म तीच देते. तिकडे पोचल्यावर एजंटचा फोन लागेलच असं नाही, पण स्पॉन्सरला उत्तर द्यावंच लागतं. मुदतीचं सांगायचं तर, शिकत असलेल्यांना किंवा पास होऊन वर्ष न उलटलेल्यांना इंटर्न म्हणून जास्तीत जास्त १२ महिने मिळतात. त्यानंतर ट्रेनी म्हणून जाता येतं, पण त्याला अनुभव लागतो. आणि इतर क्षेत्रांतल्या ट्रेनींना १८ महिने असले तरी हॉटेलवाल्यांना तिथेही १२च.

आता किचन. माझा पहिला टप्पा गार्ड मांजेचा, म्हणजे थंड विभाग. कॉलेजात सॅलड आणि ड्रेसिंग शिकले होते, पण इथे खरं शिक्षण झालं ते थंड करण्याचं. सूपचं मोठं भांडं उतरलं की ते तसंच वॉक-इनमध्ये, म्हणजे खोलीएवढ्या फ्रीजमध्ये, ढकलायचं नाही. उथळ पॅनमध्ये ओतायचं, बर्फ भरलेलं प्लास्टिकचं पॅडल फिरवत राहायचं आणि थर्मामीटर लावून आकडा तक्त्यात लिहायचा: १३५ फॅरनहाइटवरून ७० वर २ तासांत, तिथून ४१ वर पुढच्या ४ तासांत. म्हणजे ५७, २१ आणि ५ सेल्सिअस. पहिल्या २ तासांत ७० गाठलं नाही, तर पुन्हा १६५ पर्यंत तापवून पहिल्यापासून सुरुवात, नाहीतर सगळं कचऱ्यात. सू-शेफ (मुख्य शेफच्या हाताखालचा) तक्ता नुसता बघत नसे, स्वतःचा थर्मामीटर पॅनच्या बरोब्बर मध्यभागी खुपसून आकडा पडताळत असे. परीक्षेसाठी पाठ केलेलं एचएसीसीपी, म्हणजे अन्नसुरक्षेची पद्धत, मला इथे कळलं. डब्यावरच्या लेबलचंही तसंच: पदार्थ, तारीख, आद्याक्षरं, आणि टेप कात्रीने सरळ कापलेली. हाताने फाडलेली टेप दिसली की डबा परत माझ्या टेबलावर. सुरुवातीला हा छळ वाटायचा; आता मलाच फाटकी टेप बघवत नाही.

तक्रारीची गोष्ट दुसऱ्या टप्प्याची. आराखड्यात हॉट लाइन होती, म्हणजे गरम पदार्थ बनवायची जागा. ऐन तेव्हा बँक्वेटचा, म्हणजे मोठ्या समारंभांच्या जेवणांचा, हंगाम आला, माणसं कमी पडली आणि मला भाज्या सोलण्या-चिरण्याला जुंपलं. शेफला फॉर्मची प्रत दाखवली, त्यांनी ‘पुढच्या आठवड्यात’ म्हटलं. पुढचे आठवडे येत राहिले, रोस्टर (कामाच्या पाळ्यांचा तक्ता) काही बदललं नाही. शेवटी स्पॉन्सरला मेल टाकला, सोबत रोस्टरचे फोटो आणि फॉर्मचं पान. थोड्याच दिवसांत मी हॉट लाइनच्या सॉटे स्टेशनवर, म्हणजे पॅनमध्ये परतण्याच्या जागी, होते. सू-शेफ काही काळ तुटक बोलला, ते चालायचंच. माझ्या बरोबरच्या इंटर्नने ‘कशाला वाईटपणा’ म्हणून मेल केला नाही. ती अजून बँक्वेटलाच आहे.

लाइनवर मात्र फार शिकले. एकापाठोपाठ तिकिटं, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्या, येत असताना कुठला पॅन आधी चढवायचा, शेजारच्या ग्रिलवाल्याशी वेळ कशी जुळवायची, हे पुस्तकात येत नाही. शिकवणारे शेफ नव्हते, वर्षानुवर्षं तेच स्टेशन सांभाळणारे लाइन कुक होते. त्यांच्याशी जमवून घ्या.

पैशांचं थोडक्यात. देशभराचं किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरच आहे, पण बऱ्याच राज्यांत दर त्याहून जास्त आहे. आठवड्यात ४० तासांच्या वर गेलात की साधारणपणे दीडपट. पे-स्टब, म्हणजे पगाराची पावती, नीट बघा: जे-वन इंटर्नला पहिली दोन कॅलेंडर वर्षं सहसा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर लागत नाही, तरी पेरोलवाले सवयीने कापतात. माझाही कापला होता, सांगितल्यावर परत मिळाला. आयकर कापला जातोच; त्याचं रिटर्न १०४०-एनआर फॉर्मवर भरायचं. हंगाम सरला की तास ३२ च्या आसपास येतात आणि भाडं आहे तेवढंच राहतं, म्हणून हिशोब ३२ तासांवर मांडा, ओव्हरटाइमवर नाही. एजंटची फी वसूल होते. शिल्लक मोठी पडेल ही अपेक्षा मात्र सोडा.

गुण द्यायचे तर पाचापैकी साडेतीन. अर्धा पेरोलने घालवला, एक बँक्वेटने. ज्याला एका स्टेशनवर हात बसवायचा आहे त्याने जरूर जावं. नुसता परदेशी शिक्का हवा असेल, तर इतक्या तास उभं राहण्याचं सोंग फार काळ जमत नाही.

शेफबरोबर व्हिडिओ मुलाखत होईल तेव्हा एवढं विचारा: तीन विभाग कोणते आणि कुठल्या क्रमाने, रोस्टर कोण बनवतं, राहायची सोय हॉटेलची की स्वतःची, रात्री शिफ्ट सुटल्यावर परतायला वाहन असतं का, आणि सध्याच्या एखाद्या इंटर्नशी बोलता येईल का. शेवटच्या प्रश्नावर टाळाटाळ झाली, तर एजंटला दुसरं हॉटेल बघायला सांगा.