तीन जोड, आठ महिने, १,०९० किलोमीटर: धावण्याच्या बुटांचा वापरानंतरचा अनुभव

दुकानात पाच मिनिटं घालून पाहिलेला बूट आणि तीनशे किलोमीटर धावून झालेला बूट, या दोन वेगळ्या वस्तू असतात. त्यामुळे नव्या बुटाच्या पहिल्याच आठवड्यातल्या कौतुकावर फार विसंबू नये. इथला हिशोब तीन जोडांचा आहे. आठवड्याला चार धावा, एकूण ३२ किलोमीटरच्या आसपास.

पहिला जोड रोजचा: ईव्हीए फोम (बहुतेक बुटांत असतो तो नेहमीचा फोम), टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक म्हणजे ड्रॉप १० मिमी, एका बुटाचं वजन २८५ ग्रॅम. त्यावर ५२० किमी झाले. दुसरा जरा कडक, ड्रॉप ६ मिमी, २४५ ग्रॅम, त्यावर ३८०. तिसरा पेबा फोमचा (हा हलका आणि जास्त उसळी देणारा फोम), तळात कडक कार्बन प्लेट नसलेला, ड्रॉप ८ मिमी, २१५ ग्रॅम, फक्त वेगाच्या दिवसासाठी, त्यावर १९०.

निवडताना सर्वांत जास्त चुका मापात होतात. पाय संध्याकाळी मोजावा, कारण दिवसभरात तो थोडा सुजलेला असतो आणि धावतानाही सुजतो. उभं राहूनच मोजावा, दोन्ही पाय मोजावेत आणि मोठ्या पायाचं माप धरावं. सर्वांत लांब बोटापुढे १० ते १२ मिमी जागा हवी. अनेकांचं अंगठ्याशेजारचं बोटच सर्वांत लांब असतं, आणि ते तपासायचं राहून जातं. कंपनी बदलली की नंबरचा अर्थ बदलतो, म्हणून जिभेवरच्या लेबलवर सेंटीमीटरचा आकडा असेल तर तो टिपून ठेवावा.

रुंदीसाठी एकच परीक्षा पुरते. आतला इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर पूर्ण भार देऊन उभे राहा. करंगळीकडची कड इनसोलच्या बाहेर सांडत असेल, तर तो बूट अरुंद आहे. अशा वेळी बरेचजण एक नंबर मोठा घेतात आणि तिथेच फसतात. बूट लांब झाला की त्याची वाकण्याची जागा चवड्याच्या पुढे सरकते, टाच मागे सैल पडते आणि पाऊल आत पुढे-मागे घसरू लागतं. रुंद पायाला त्याच नंबरचा रुंद प्रकार घ्यावा, तो मिळत नसेल तर दुसरं मॉडेल पाहावं.

ओल्या पावलाचा ठसा बघून ‘तुमचा पाय आत कलतो, आधाराचा बूट घ्या’ असं सांगणाऱ्यांकडे शांतपणे दुर्लक्ष करायला हरकत नाही. डेन्मार्कमध्ये ९२७ नवख्या धावपटूंना एकाच प्रकारचे साधे बूट देऊन वर्षभर पाहिलं गेलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, पाय माफक आत कलणाऱ्यांना इतरांपेक्षा जास्त दुखापती झाल्याचं दिसलं नाही. घालून दुकानातच दोन मिनिटं पळून बघावं आणि जो पायात आहे हे विसरायला होतं, तो घ्यावा.

आता रुळवण्याबद्दल. ‘चावतोय, पण सैलावेल’ हे चामड्याच्या चपलेला लागू पडतं, जाळीदार कापडाच्या बुटाला नाही. हा बूट दुकानात चावला तर पुढेही चावणारच. रुळायचं असतं ते दोन गोष्टींना: फोमला आणि पोटरीला. फोम पहिल्या ३० ते ५० किलोमीटरमध्ये थोडा मऊ होतो. पोटरीला त्याहून जास्त वेळ लागतो, विशेषतः ड्रॉप कमी झाला असेल तर. १० मिमीवरून ६ मिमीवर आलं की गुडघ्यावरचा भार थोडा कमी होतो, पण तो पोटरी आणि टाचेमागच्या शिरेकडे सरकतो. दुसऱ्या जोडाने पहिले दोन आठवडे पोटऱ्या आखडून ठेवल्या. हा बुटाचा दोष नव्हे, पण त्या काळात त्यात लांब धाव घेतली असती तर शीर नक्की धरली असती.

क्रम असा ठेवावा. पहिल्या दिवशी धावण्याचेच मोजे घालून घरात तासभर वापर. तळ स्वच्छ राहतो आणि बदलून घ्यायची सोयही राहते. मग ३-४ किमी सावकाश. एक दिवस सोडून ५-६ किमी. लांब धाव ४०-५० किमी झाल्यावरच. कुठेही चटका जाणवला की तिथेच थांबून पायमोजा आणि लेस बघावी, कारण चटक्यानंतर पुढचा टप्पा फोडाचा असतो.

लेस हा स्वतंत्र विषय आहे, आणि अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. टाच वर-खाली होत असेल तर सर्वांत वरचं, बहुधा रिकामंच राहणारं भोक वापरा. लेस त्याच बाजूच्या त्या भोकात आत घालून छोटा फासा ठेवायचा, समोरच्या बाजूची लेस त्या फाशातून काढायची, दोन्ही टोकं आधी खाली ओढून आवळायची आणि मग गाठ मारायची. पावलाच्या वरच्या हाडावर दाब येत असेल तर तिथली फुली गाळून लेस सरळ वरच्या भोकात न्यावी. उतारावर नख काळं पडतं, त्याला दोनच कारणं जास्त दिसतात: बूट आखूड आहे, किंवा टाच धरलेली नसल्याने पाऊल पुढे सरकतंय.

जोड आलटून-पालटून वापरण्याबद्दल सर्वांत जास्त ऐकू येतं ते असं की, फोमला पूर्ववत व्हायला दोन दिवसांची विश्रांती लागते. मोठा फायदा तो नाही. मोठा फायदा वाळण्याचा आहे आणि भार बदलण्याचा आहे. लक्झेंबर्गमधल्या एका अभ्यासात २६४ धावपटूंना २२ आठवडे पाहिलं, तेव्हा एकाहून जास्त जोड वापरणाऱ्यांत दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी आढळला. तो प्रयोग नव्हता, निरीक्षण होतं, म्हणून आकडा जरा सबुरीने घ्यावा. तरी कारण पटण्यासारखं आहे: वेगवेगळ्या बुटांत तोच स्नायू रोज त्याच पद्धतीने ताणला जात नाही. त्यामुळे एकाच मॉडेलचे दोन जोड घेण्यापेक्षा स्वभाव वेगळा असलेले दोन घ्यावेत. लांब धाव आणि एक हलकी धाव पहिल्यात, दुसरी हलकी धाव दुसऱ्यात, वेगाचा दिवस तिसऱ्यात, अशी वाटणी चांगली बसली.

तिसरा जोड घ्यायलाच हवा असं नाही. प्रत्येक बुटामागे १०० ग्रॅम वाढले की धावायला साधारण १ टक्का जास्त ऊर्जा लागते. २८५ आणि २१५ ग्रॅममधला फरक सावकाश धावेत कळतही नाही. शिवाय पेबा नाजूक: १९० किलोमीटरमध्येच रबर नसलेल्या भागातला उघडा फोम खरचटून तुकडे निघू लागले.

भिजलेला बूट उन्हात किंवा हीटरपुढे ठेवू नये. गोंद सुटतो आणि फोम बिघडतो. इनसोल वेगळा काढायचा, आत वर्तमानपत्राचे बोळे घट्ट भरायचे, तासा-दोन तासांनी ओले बोळे बदलायचे आणि पंख्याखाली ठेवायचा. वॉशिंग मशीनमध्ये तर कधीच नको.

बूट कधी सोडायचा, याला साधारण ५०० ते ८०० किमी ही पट्टी आहे. वजनदार धावपटूने खालचा आकडा धरावा. फक्त तळाचं रबर बघून ठरवू नये. टाचेची बाहेरची कड झिजणं अगदी सामान्य आहे. बघायचं ते बाजूने: मिडसोलवर, म्हणजे तळाच्या रबरावरच्या फोमच्या थरावर, आडव्या सुरकुत्या पडल्यात का, आणि अंगठ्याने दाबल्यावर जागा परत वर येते का. पहिल्या जोडाचं रबर अजून निम्मं शिल्लक आहे, पण चवड्याखालचा फोम जुन्या कापसाच्या गादीसारखा बसलाय. दोन्ही बूट टेबलावर ठेवून मागून डोळ्यांच्या पातळीवर पाहिले की डावा आत कललेला दिसतो. नेहमीच्याच धावेनंतर नडग्या दुखू लागल्या, ही सूचना त्याच्याही आधी आली होती. वापराला सुरुवात केल्याची तारीख जिभेच्या आत मार्करने लिहून ठेवावी आणि किलोमीटर जोडानुसार नोंदवावेत, नाहीतर तीन जोडांत घोळ होतो.

पहिला जोड आता फक्त चालायला. नवा जोड जुना २५०-३०० किलोमीटरवर असतानाच सुरू केला तर दोन्ही एकदम संपत नाहीत. मॉडेल तेच, पण आवृत्ती नवी असेल तर जुन्या नंबरवर डोळे मिटून मागवू नये. ज्या कलबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, बूट बेततात तेच कधीकधी बदललेलं असतं, म्हणून इनसोलवर पुन्हा एकदा उभं राहून बघावं.