व्हॉइसमेल वर्षभर वापरून: कुठे कामाला आलं, कुठे नुसतं पडून राहिलं

आधीच सांगते, मी ऑफिसांच्या फोन सिस्टिम सांभाळणाऱ्या टीममध्ये आहे, त्यामुळे हा एकाच जागेचा अनुभव नाहीये. आमचा स्वतःचा सपोर्ट डेस्क आहे, आणि ज्यांची सिस्टिम आम्ही बघतो त्यात क्लिनिक, वकील, ट्रान्सपोर्टवाले, कारखाना, हॉटेल, दुकानं असे सगळे आहेत. या सगळ्यांकडे व्हॉइसमेल, म्हणजे फोन उचलला नाही तर करणाऱ्याचा मेसेज रेकॉर्ड करून ठेवायची सोय, नीट लावून वर्ष होत आलं. नीट म्हणायचं कारण, सिस्टिममध्ये ते आधीपासून होतंच, नवा मेसेज आल्याचा फोनवरचा लाल दिवा महिनोन्महिने लुकलुकत असायचा आणि कोणी ढुंकून बघत नव्हतं.

व्हॉइसमेलचा जमाना गेला असं म्हणणारे भरपूर भेटतात आणि त्यांचं अगदीच चूक नाही. कोका-कोलाने २०१४ च्या शेवटी मुख्यालयातलं व्हॉइसमेल बंद केलं, पुढच्या वर्षी जेपी मॉर्गननेही बऱ्याच कर्मचाऱ्यांचं काढलं. पण तिथे गेलं ते माणसागणिक दिलेलं व्हॉइसमेल, आणि ते गेलं तर जाऊ दे, ऑफिसातल्या ऑफिसात चॅट आहे, मेल आहे, कोण बसतंय ऐकत. बाहेरून फोन करणाऱ्याकडे तुमचं ते चॅट नसतं ना पण. वर्षभरात माझं मत पक्कं झालंय ते एवढंच, की बॉक्स, म्हणजे मेसेज साठतात ती जागा, माणसाच्या नावाने ठेवू नका, कामाच्या नावाने ठेवा. अपॉइंटमेंट रद्द करायचा बॉक्स, ब्रेकडाउनचा बॉक्स, रजेचा बॉक्स. आणि तो आज कोण ऐकणार ते ड्युटीच्या चार्टवर लिहिलेलं पाहिजे, "कोणीतरी ऐकेल" असं ठेवलं की कोणीच ऐकत नाही.

दुसरी गोष्ट ग्रीटिंग, म्हणजे बीपच्या आधी ऐकू येणारं रेकॉर्ड केलेलं बोलणं. आमच्या डेस्कचं जुनं ग्रीटिंग नेहमीचंच होतं, आम्ही सध्या उपलब्ध नाही, बीपनंतर मेसेज ठेवा. मग मेसेज काय यायचे, तर "हॅलो... हां, मला फोन करा जरा", संपलं. कोण, कशासाठी, कुठल्या नंबरवर, काही नाही. आता ग्रीटिंगमध्ये सरळ सांगतो की ऑफिसचं नाव, काय बंद पडलंय, कधीपासून, आणि परत फोन करायचा नंबर दोनदा सांगा. सगळं मिळून पंधरा सेकंद. त्यानंतर येणारे मेसेज ऐकून निम्म्या वेळा परत फोन करायच्या आधीच काय झालंय ते कळतं, थेट दुरुस्तीलाच बसता येतं. आणि "तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" हे वाक्य आधी काढा, त्या वाक्यालाच लोक फोन ठेवतात.

सगळ्यात जास्त फरक क्लिनिकमध्ये पडला. सकाळी उघडल्यावर पहिला तासभर फोन एंगेज, कारण ज्यांना येता येणार नाही ते आणि ज्यांना यायचंय ते एकाच वेळी फोन करतायत. आता रद्द करणारे रात्रीच बॉक्समध्ये सांगून ठेवतात, रिसेप्शनवाली आली की आधी तेवढा बॉक्स ऐकते आणि रिकाम्या झालेल्या वेळा वेटिंगवाल्यांना देऊन टाकते. नेहमीची औषधं परत लिहून हवी असणाऱ्यांसाठी वेगळा बॉक्स केला, तोही चालला. फक्त इथे दोन नियम अजिबात सोडायचे नाहीत. ग्रीटिंगच्या अगदी पहिल्या वाक्यात सांगायचं की तातडीचं असेल तर मेसेज न ठेवता इमर्जन्सी नंबर लावा. आणि क्लिनिकने पेशंटला फोन केला आणि पलीकडे व्हॉइसमेल लागलं तर रिपोर्टबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, नाव आणि परत फोन करा एवढंच, कारण तो मेसेज घरातलं कोणीही ऐकू शकतं. अमेरिकेत हिपा नावाचा कायदा आहे, त्यातही पेशंटसाठी मेसेज ठेवायला बंदी नाही पण त्यातली माहिती कमीत कमी ठेवा असंच आहे. कायदा कुठलाही असो, सवय चांगलीच आहे.

ट्रान्सपोर्टवाल्यांचं उलटं आहे. ड्रायव्हरला गाडी चालवताना टाइप करता येत नाही, करूही नये, आणि गाडी सोडणारा माणूस कायम दुसऱ्या फोनवर. मग ड्रायव्हर थांबल्यावर बॉक्समध्ये सांगतो की माल उतरला, दोन नग ओले आहेत, सही अमक्याने केली. लेखी मेसेजमध्ये हाच माणूस "झाले" एवढंच लिहायचा हो! ड्रायव्हरने फोन उचलला नाही तर तो कंपनीच्या बॉक्सला जावा म्हणून त्यांच्या मोबाइलवर कॉल फॉरवर्ड लावलं, **६१*बॉक्सचा नंबर**२०# असं डायल करायचं, यातले २० म्हणजे किती सेकंद रिंग वाजू द्यायची, ते ५ ते ३० मध्ये पाचपाचच्या टप्प्याने ठेवता येतं. ##००४# केलं की न उचललेला, बिझी, रेंजबाहेर असं तिन्ही प्रकारचं फॉरवर्डिंग एकदम निघतं. हे जीएसएमचे, म्हणजे मोबाइल नेटवर्कच्या एका प्रमाणित पद्धतीचे कोड आहेत, तरी लावल्यावर एकदा स्वतः फोन करून बघा, मोबाइल कंपनी फॉरवर्ड झालेल्या कॉलचे पैसे कसे लावते तेही विचारून घ्या.

कारखान्यात रजेचा बॉक्स हिट झाला. पहाटेच्या शिफ्टला येणार नाही हे सांगायला सुपरवायझरला झोपेतून उठवायचं लोकांच्या जिवावर यायचं, मग ते सांगतच नसत. आता बॉक्समध्ये सांगतात, मेसेजवर वेळेचा शिक्का असतोच, म्हणजे कोणी कधी कळवलं यावरून वाद नाही. शिफ्ट बदलताना मशीनची हकीगत बोलून ठेवायचा प्रयोग पण केला, तो मात्र अर्धवटच चालला, मशीनच्या आवाजात रेकॉर्डिंग ऐकायला कान फुटायची वेळ. केबिनमधून बोलायचा नियम केला तर केबिनपर्यंत जातंय कोण.

वकिलांकडे मेसेज ऐकण्यापेक्षा जपून ठेवण्याला किंमत आहे. अशिलाने काय सांगितलं, कधी सांगितलं, त्याच्याच आवाजात. म्हणून तिथे मेसेजची फाइल मेलला जोडून जाते आणि केसच्या फोल्डरमध्ये पडते. हे ज्यांना करायचंय त्यांनी फॉरमॅट बघा, साधी वेव्ह फाइल मिनिटाला जवळजवळ १ एमबी होते, जीएसएम कॉम्प्रेशनवाली साधारण १०० केबीत भागते आणि बोलणं कळायला तेवढी पुरते. आणि मेल गेल्यावर सर्व्हरवरची प्रत ठेवायची की उडवायची हे आधी ठरवा, नाहीतर बॉक्स भरतो. अ‍ॅस्टेरिस्क या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर आमच्या बऱ्याच सिस्टिम आहेत, त्यात एका फोल्डरला मुळात १०० मेसेजची मर्यादा असते. भरला की फोन करणाऱ्याला बॉक्स भरल्याचं ऐकू येतं, आणि नवीन अशिलाने ते ऐकलं तर तो दुसरीकडे जाणारच. त्याच सेटिंगमध्ये तीनचार सेकंदांपेक्षा छोटं रेकॉर्डिंग आपोआप टाकून द्यायची सोय आहे, ती लावा, बीप ऐकून फोन ठेवणाऱ्यांचे रिकामे मेसेज बंद होतात.

हॉटेलबद्दल थोडकंच. खोलीतल्या फोनवरचा दिवा अजून लोक बघतात, पण पाहुणा गेला की बॉक्स पुसला गेलाच पाहिजे, तो चेकआउटला जोडून घ्या, हाताने पुसायचं कोणाला आठवत नाही. दुकानांसाठी मात्र मी सरळ नाही म्हणेन. तिथे विचारायचं काय असतं, उघडं आहे का, अमुक वस्तू आहे का. याचं उत्तर आत्ता पाहिजे, उद्या नको, त्यामुळे मेसेज कोणी ठेवतच नाही. त्यापेक्षा फोन न उचलल्यास उघडण्याच्या वेळा ऐकवा आणि फोन बंद होऊ द्या.

ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे बोललेला मेसेज आपोआप लिहून देण्याचा, फार गाजावाजा असतो म्हणून ते पण चालू करून बघितलं. मेसेज कशाबद्दल आहे एवढं कळतं, कुठला आधी ऐकायचा ते ठरवता येतं, त्यापलीकडे भरवसा नको. साध्या फोन लाइनवर आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच जातो, स आणि फ मधला फरक त्यातच हरवतो, आडनावं तर विचारूच नका. दोन भाषा मिसळून बोलणारा माणूस आला की वाचताना हसू येतं. आकडे मराठीत सांगितले की आणखी मजा, एकोणसाठ की एकोणसत्तर हे माणसालाच दोनदा ऐकावं लागतं, म्हणून ग्रीटिंगमध्ये "नंबर एकेक आकडा करून सांगा" हे घातलं आणि त्याने खरंच फरक पडला. क्लिनिक आणि वकिलांकडे ट्रान्सक्रिप्ट बंदच ठेवलंय, रेकॉर्डिंग बाहेरच्या सर्व्हरवर जाणार असेल तर तिथे ते नकोच.

बॉक्स उघडायच्या पिनबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. ०००० आणि १२३४ अजूनही सापडतात, एक्स्टेंशन नंबर (ऑफिसातल्या त्या फोनचा आतला नंबर) हाच पिन तर सर्रास. इंग्लंडमध्ये पत्रकारांनी लोकांचे मेसेज चोरून ऐकले, त्यात कंपनीने दिलेला पण कोणी न बदललेला पिनच कामाला आला होता, २०११ मध्ये न्यूज ऑफ द वर्ल्ड हा पेपरच त्या प्रकरणात बंद पडला. आजचा धोका आणखी वेगळा आहे, बऱ्याच सर्व्हिस खातं उघडायचा कोड फोन करून सांगतात, फोन उचलला नाही तर तो कोड व्हॉइसमेलमध्ये रेकॉर्ड होतो, मग सोपा पिन असलेला बॉक्स म्हणजे खात्याची किल्लीच. आणि बॉक्समधून बाहेर फोन लावायची सोय चालू असेल तर भामटे रात्रीतून परदेशी कॉल करून बिल फुगवतात. आम्ही ती सोय सगळीकडे बंद केलीये आणि पिन किमान सहा आकडी.

तक्रार एकच राहिलीये. रात्रीच्या ब्रेकडाउनच्या बॉक्सवर मेसेज आला की ऑन-कॉल माणसाला सिस्टिम स्वतः फोन लावते, तो उचलला नाही तर पुढच्याला, हे भारीच आहे. पण त्याने उचलून पिन दाबायच्या आधी फोन ठेवला तर आमची सिस्टिम ते "पोचलं" असं धरते आणि पुढच्याला लावतच नाही. सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीकडे कळवलंय, दुरुस्ती पुढच्या अपडेटमध्ये येईल म्हणतात. तोपर्यंत ऑन-कॉलवाल्याने मेसेज ऐकल्यावर डेस्कच्या ग्रुपवर "घेतलं" असं टाकायचं, दहा मिनिटांत ते आलं नाही तर रात्रपाळीचा माणूस स्वतः फोन फिरवतो.