नऊ महिन्यांनंतर: ॲम्प बदलला, खोड तीच

नऊ महिन्यांपूर्वी नव्या ॲम्पचं (ॲम्प्लिफायरचं) कौतुक लिहून मी त्याला चार तारे दिले होते. गेल्या महिन्यात त्याचा उजवा चॅनेल मधूनच जायला लागला. आवाज जरा वाढवला की टक् करून परत यायचा. जुनी यंत्रं हाताळलेल्यांना लगेच कळेल, स्पीकर रिलेचे, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचे, कॉन्टॅक्ट गेले. सर्व्हिस सेंटरने मात्र झाकणही न उघडता 'अख्खा बोर्ड बदलावा लागेल' असं सांगून टाकलं. एवढ्याशा रिलेसाठी अख्खा बोर्ड! संताप झाला. शेवटी ओळखीच्या मेकॅनिककडून रिले बदलून घेतला.

तोवर माळ्यावरचा जुना ॲम्प खाली काढला. तो काढून टाकण्याचं कारण एकच होतं, व्हॉल्यूमचा नॉब. मी ऐकतो रात्री, सगळे झोपल्यावर. तेव्हा नॉब जेमतेम उचललेला असतो आणि गायिकेचा आवाज मधोमध न राहता डावीकडे सरकतो. एकदा ते जाणवलं की गाण्यात लक्षच लागत नाही. त्यापायी मी तीन ॲम्प बदलले. नव्यातही ती खोड थोडी आहेच. सुरुवातीच्या कौतुकात मी ते लिहिलं नव्हतं, ते चुकलं.

या वेळी आकडेमोड करायला बसलो. डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा विद्युत सिग्नल करून ॲम्पला देणारी पेटी, 2 व्होल्ट देतो. ॲम्पचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, 28 डेसिबल, म्हणजे साधारण 25 पट. 8 ओहमवर 60 वॅटला 22 व्होल्ट लागतात, तेव्हा इनपुटला 0.9 व्होल्टसुद्धा पुरे. त्यात माझे स्पीकर 91 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे, थोड्या वॅटमध्येही मोठे वाजणारे. मग नॉब वर जाणार कसा? आणि नॉबमागच्या साध्या पोटेन्शिओमीटरचे डावा-उजवा असे दोन ट्रॅक नेमके सुरुवातीच्या टप्प्यातच एकमेकांशी जुळत नाहीत. डॅकमध्येच 12 डेसिबल कमी केले. नॉब घड्याळातल्या आठच्या जागेवरून बराच वर आला आणि गायिका मधोमध आली. जुन्याच ॲम्पवर! 24 बिटांच्या डॅकमध्ये 12 डेसिबल म्हणजे 2 बिट. 16 बिटांच्या रेकॉर्डिंगचं त्यात काही जात नाही.

दुरुस्त झालेला ॲम्प घरी आल्यावर दोन्ही समोरासमोर लावले. 100 हर्ट्झचा टोन सोडून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने व्होल्टेज सारखं केलं. विकत घेताना हे केलं नव्हतं, आणि तेव्हा नवा ॲम्प 2 डेसिबल मोठा वाजत असणार. एवढा फरक कानाला मोठा आवाज म्हणून चटकन कळत नाही, तो 'मोकळा', 'स्वच्छ' वाटतो. खिसा रिकामा होतो तो इथे. मुलाने मला न दाखवता तारा बदलल्या. दहापैकी सहा वेळा बरोबर ओळखलं, म्हणजे नाणं उडवण्यासारखंच.

रात्री खर्ज (बेस) पातळ वाटतो म्हणूनही मी ॲम्पलाच दोष देत आलो. हळू आवाजात कान खर्ज कमी पकडतो, हे फ्लेचर आणि मनसन या अमेरिकन संशोधकांनी 1933 मध्येच मोजून दाखवलंय.

नवा ठेवतोय, रिमोटसाठी आणि हेडफोनला हिस (सूं असा बारीक आवाज) नाही म्हणून. चार तारे दिले होते, ते आता तीन. जुना माळ्यावर परत गेला नाही, मुलाच्या खोलीत लावलाय, 12 डेसिबल उणे करूनच.